बळी कोणाचा, पूल कोणाचा

पुलाचे काम निघाले की गावात कुजबुज सुरू होते. खांब उभा राहत नाही, पाणी पाया धरू देत नाही, आता पाण्याला माणूस द्यावा लागणार. मग आया पोरांना दिवेलागणीच्या आत घरात बोलावतात आणि दारावर आलेल्या अनोळखी फेरीवाल्याला दोनदा निरखून पाहतात. इंजिनियर खडकाचा तळ शोधतात, सिमेंट तपासून घेतात. पण लोकांच्या मनातला पूल बळी दिल्याशिवाय काही पुरा होत नाही.

ही समजूत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१९ च्या जुलै महिन्यात बांगलादेशात पद्मा नदीवर मोठा पूल उभा राहत होता. त्याला माणसांची मुंडकी लागतात अशी आवई उठली, आणि मुले पळवणारे समजून जमावांनी ठिकठिकाणी माणसे ठेचून मारली. निदान आठ जीव गेले. त्यांत ढाक्याची एक आई होती. मुलीला शाळेत घालायचे म्हणून ती एका शाळेत चौकशीला गेली होती. मी स्वतः शाळेत शिकवते. फाटकाशी घुटमळणारी, कोणाला विचारावे हे न कळून पदराशी चाळा करणारी बाई कशी दिसते, ते मी दर जूनमध्ये पाहते. त्या बाईत आणि ढाक्याच्या त्या आईत काही फरक नसावा. पुलाने कोणाचेच मुंडके मागितले नव्हते. पुलाच्या कथेने मात्र बळी घेतले.

तेव्हा पहिली गोष्ट ही की कथा खोटी आहे. माणूस पुरल्याने खांब टिकत नाही. तो खडकाला टेकला म्हणजे टिकतो. एवढे सांगून थांबता आले असते. पण खोटी कथा इतक्या देशांत, इतकी शतके का सांगितली जाते, हा प्रश्न उरतोच. केवळ अडाणीपणाने कोणी एखादी गोष्ट इतके दिवस जपत नाही. लोकांना ठाऊक असलेले, परंतु उघड बोलता न येणारे असे काहीतरी तिच्यात असले पाहिजे. ते काय असावे, याचा विचार वाशीच्या खाडीपुलावरून जाता-येता मी पुष्कळदा केला आहे.

आपल्या घरातलीच गोष्ट घ्या. श्रावणात शिळासप्तमीला कहाणी सांगतात, ती आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. राजाने नवे गाव वसवले, तळे खोदले, पण तळ्याला पाणी लागेना. जलदेवतेने सांगितले, तुझ्या सुनेचा वडील मुलगा बळी दे, पाणी लागेल. राजा विचारात पडला. नातू द्यायचा, तर सून कबूल होणार नाही. मग त्याने युक्ती केली. सुनेला माहेरी पाठवले आणि मुलाला ठेवून घेतले. ती गेल्यावर मुलाला न्हाऊमाखू घातले, जेवू घातले, दागिने चढवले, पलंगावर निजवून तळ्यात नेऊन ठेवले. तळे भरले. पुढे सून परत येते, त्या तळ्याशी शिळासप्तमीचा वसा करते आणि पाण्यातून मुलगा तिचे पाय धरतो. कहाणी सुफळ संपूर्ण होते.

लहानपणी ही कहाणी ऐकताना माझे सगळे लक्ष शेवटाकडे असे. मुलगा परत आला की पोट हलके होई. आता मात्र मी मध्येच अडखळते. माहेरी पाठवले, या दोन शब्दांशी. माहेर या शब्दात बाईचे सारे सुख असते. राजाने तेच सुख पुढे करून तिला वाटेतून बाजूला केले. त्याने बळी दिला खरा, पण दिले ते त्याचे नव्हते. ज्याचे जायचे त्या मुलाला विचारले नाही, जिचे जायचे त्या आईला कळूही दिले नाही. आणि मुलगा परत आल्यावर राजाला आनंद होतो, सुनेवर त्याची माया वाढते. पण ‘मी तुला फसवले’ हे वाक्य कहाणीत येत नाही.

दूर ग्रीस देशात आर्टा नावाच्या गावी एक जुना दगडी पूल आहे. त्याचीही लोकगीतात अशीच गोष्ट आहे. पंचेचाळीस गवंडी आणि साठ शिकाऊ दिवसभर बांधत आणि रात्री ते सारे कोसळे. शेवटी एक पक्षी बोलला, मुख्य गवंड्याच्या बायकोला पायात गाडा. तिला बोलावून आणले. अंगठी खाली पडली आहे, ती काढून दे, असे सांगून पायात उतरवले आणि वरून दगड रचायला सुरुवात केली. तेव्हा तिने शाप दिला, मी थरथरते तसा हा पूल थरथरो, त्यावरून जाणारे खाली पडोत. मग तिला कोणीतरी आठवण दिली, तुझा भाऊ परदेशी आहे, तो कधीतरी या पुलावरून येईल. आणि तिने शाप मागे घेतला. पूल डोंगरासारखा अचल राहो, असे म्हणाली.

एक गोष्ट आपल्या ओसरीवरची, दुसरी परक्या समुद्रापलीकडची. दोन्हींत पाण्याला किंवा दगडाला माणूस लागतो, हे सारखे आहे. पण त्याहून एक बारीक गोष्ट सारखी आहे. एकीला माहेर सांगितले, दुसरीला अंगठी. दोघींनाही खरे सांगितले नाही. मला वाटते, लोकांनी शतकानुशतके जपून ठेवले आहे ते हे. पूल माणूस मागतो, हे कथेचे वरचे टरफल. आतले बी असे आहे की, पुष्कळांच्या सोयीसाठी काही थोड्यांचे काढून घेतले जाते, आणि घेताना त्यांना विचारले जात नाही.

आता माझ्या गावाकडे वळते. नवी मुंबई हे पुलाचे अपत्य आहे. खाडीच्या पश्चिमेला मुंबई, पूर्वेला भातशेते, मिठागरे, खाजणे आणि आगरी-कोळ्यांची गावे. रात्री पलीकडचे दिवे दिसत. पण गाडीने जायचे तर ठाण्याचा वळसा, नाहीतर भरती-ओहोटी पाहून होडी. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. मुंबई चिणून भरली होती, तिला दुसरी बाजू हवी होती. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घ्यायची ठरली. आणि १९७३ साली मानखुर्द आणि वाशी यांच्यामध्ये खाडीवरचा पूल खुला झाला.

आज हाच आमच्या शहराचा जुना पूल. खाऱ्या पाण्यावरच्या पुलाचे आयुष्य कठीण असते. तो पंचविशीत येण्यापूर्वीच, १९९७ साली, त्याच्या शेजारी दुसरा पूल उभा राहिला. त्याआधी ९ मे १९९२ रोजी रेल्वेची पहिली गाडी खाडी ओलांडून वाशीला आली होती. आता तिसरा रस्तापूलही झाला आहे. त्याची एक बाजू २०२४ साली आणि दुसरी २०२५ साली खुली झाली. आणखी दक्षिणेला शिवडीहून निघणारा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ पासून चालू आहे. पुलांची अशी रांग लागली, तरी आमचे शहर पहिल्याच पुलावरून चालत आले, हे खरे.

पण शहर ज्याला जुने म्हणते, ते गावाला नवेच असते. वाशी हे नाव पुलाने आणले नाही. वाशी, जुहू, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, ही जी नावे आज स्टेशनांच्या आणि बसच्या पाट्यांवर आहेत ती गावांची आहेत. पाटी राहिली, शेत गेले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. ज्याची जमीन घेतली त्याला तिचा साडेबारा टक्के भाग विकसित करून परत द्यायचा, हे तत्त्व त्या आंदोलनातून पुढे आले. माणसे गेल्यावर तत्त्व आले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शेताला निदान सातबारा असतो. पाण्याला तो नाही. कोळ्याची डोल जिथे लागते ती जागा त्याच्या आज्याची असते, सगळ्या गावाला ती ठाऊक असते, पण कोणत्याही दप्तरात तिची नोंद नसते. खांब नेमका तिथे आला, तर मोजणीदाराच्या दृष्टीने कोणाचेच काही गेलेले नसते. मग खांबांच्या आजूबाजूला प्रवाह बदलतो, गाळ साचतो, होडीची वाट आखडते. तिवरांत सापडणारे निवटे आणि चिंबोऱ्या, खडकावरची कालवे, जाळ्यात येणारी कोळंबी, यांतले काय किती कमी झाले, ते मच्छीबाजारात बसणाऱ्या बाईला टोपलीच्या वजनावरून कळते.

माझी ओळखीची अशी एक मावशी आहे. तिच्याकडून मी पुष्कळ वर्षे मासळी घेते. पहिल्या पुलाचे खांब पाण्यात उतरत होते तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती. तिची आई तिला खाडीच्या काठी एकटी जाऊ देत नसे. साहेब लोक पोरे नेऊन खांबात घालतात, असे सांगे. तिच्या बापाच्या डोलीची जागा पुलाखाली गेली. हे सारे ती कोलंबी सोलता सोलता सांगत होती. मी म्हटले, “मग मावशी, पूल झाला ते वाईटच झाले म्हणायचे.” तिने हात थांबवले. “पूल वायट कसा म्हनू, बाय? माजी पोर त्याच पुलावरशी सायनच्या इस्पितलान नेली, म्हनून वाचली.” एवढे बोलून ती पुन्हा सोलायला लागली.

त्या उत्तराने मी गप्प झाले. राजाला वाईट ठरवून मोकळे होणे सोपे होते. मावशीने ती सोय काढून घेतली. आर्टाच्या त्या बाईने जे केले तेच हिनेही केले होते. आपले ज्यात गेले, तोच पूल आपल्या माणसाला तारतो म्हटल्यावर तिने शाप ओठावर येऊ दिला नाही. पण यावरून राजाचे काही क्षम्य ठरते का? मला तसे वाटत नाही. गाडलेल्या बाईने शाप मागे घेतला हा तिचा मोठेपणा. तो गवंड्याच्या नावे जमा करता येत नाही. आपण मात्र पुष्कळदा तसेच करतो. ‘त्यांनाही फायदा झालाच की’ असे म्हणून आपल्या देण्यावर रेघ ओढतो.

याच्या उलट उदाहरण आमच्या शेजारीच आहे. मुंबईतल्या माहीमच्या खाडीवर बांध आणि पूल झाला तो १८४५ साली. तेथे होड्या उलटून माणसे बुडत. सरकार पैसा काढीना. तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःचे दीड लाखाहून अधिक रुपये दिले. लोकांकडून जकात घ्यायची नाही, एवढीच त्यांची अट होती, असे सांगतात. राजाने सुनेचे दिले, आवाबाईंनी आपले दिले. बळी आणि दान यांच्यातला फरक शाळेतल्या मुलाला समजावायचा तर मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

परंतु हिशेब इथे थांबत नाही. जमशेटजींची मोठी संपत्ती चीनशी चाललेल्या व्यापारातून आली होती आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. माहीमच्या बांधाचा विचार चालला होता त्याच सुमारास, १८३९ ते १८४२ या वर्षांत, अफूच्या व्यापारापायी इंग्रजांनी चीनशी युद्ध केले. तेव्हा माहीमच्या दगडांत कॅन्टनच्या कोणा अफूबाजाच्या घरचाही काही भाग असलाच पाहिजे. आवाबाईंच्या मनाचा मोठेपणा यामुळे कमी होत नाही. एवढेच कळते की अगदी शुद्ध असा पूल जगात नाही. कोणत्याही दगडाला कान लावला तर दूरचे कोणीतरी ऐकू येते.

मग करायचे काय? पूलच बांधायचे नाहीत? शिळासप्तमीची कहाणी मी एकदा आठवीच्या वर्गात सांगितली आणि राजाचे चुकले काय, असे विचारले. बहुतेक मुले राजावर तुटून पडली. एक मुलगा मात्र उठला. त्याचे गाव माण तालुक्यातले. वडील इथे माथाडी कामगार. तो म्हणाला, “बाई, आमच्या गावाला टँकर येतो. तळ्याला पाणी नसले म्हणजे काय होते ते यांना माहीत नाही.” वर्ग गप्प झाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. राजाच्या गावालाही तहान होती. तिथेही कोणाची तरी पोरे पाण्यावाचून तडफडत असतील. एकाच्या मुलाचा जीव आणि साऱ्या गावाची तहान, हा तराजू कोणालाही सुखाने हातात धरता येणार नाही.

मी त्याला जे सांगितले ते असे. राजाला तहान दिसली यात त्याचा दोष नाही. तळे हवे होते, हेही खरे. पण त्याने सुनेला विचारले का नाही? कारण ती ‘नाही’ म्हणेल हे त्याला माहीत होते. ज्याला ‘नाही’ असे उत्तर मिळू शकते, तोच खरा प्रश्न. ती ‘नाही’ म्हणाली असती तर राजाला देवतेकडे परत जावे लागले असते. दुसरी जागा पाहावी लागली असती. निदान आणखी दोन पुरुष खोल खणावे लागले असते. फसवणुकीने ही सारी मेहनत वाचते. म्हणूनच ती इतकी सोयीची असते. आणि काहीच उपाय उरला नाही, द्यावेच लागले, तरी तिच्यासमोर उभे राहून, तिच्या डोळ्यांत पाहून मागणे आणि तिला माहेरी धाडून घेणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. मुलगा खाली बसला. त्याला ते पटले की नाही, मला सांगता येणार नाही. माण तालुक्याची तहान एका तासिकेत भागत नाही.

विचारत बसले तर काही बांधून होणारच नाही, असे पुष्कळ शहाणी माणसे म्हणतात. वाशीच्या खाडीनेच त्याला उत्तर दिले आहे. तिसऱ्या पुलाच्या वेळी वाशीच्या मरियाई मच्छिमार सहकारी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, परंपरेने या खाडीत मासेमारी करणाऱ्यांच्या उपजीविकेला पुलामुळे धक्का बसतो, म्हणून त्यांना भरपाई मिळाली पाहिजे आणि सरकारने अशा भरपाईचे धोरण ठरवले पाहिजे. ज्या पाण्याला सातबारा नव्हता, त्या पाण्यावरचा हक्क कागदावर आला. पूल काही अडला नाही. तो झाला, आणि आज त्यावरून गाड्या जातात. पहिला पूल झाला १९७३ साली, आणि कोळ्यांचे म्हणणे असे ऐकले गेले ते २०२१ साली. मध्ये गेली अठ्ठेचाळीस वर्षे. तेवढ्यात एक पिढी जाळी विणता विणता म्हातारी झाली.

पुलावर आपण पथकर देत आलो, तो सिमेंटचा आणि पोलादाचा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या गाड्यांना तोही माफ झाला. आपल्या मनाला वाटते, आता पुलाचे आपल्याकडे काही देणे नाही. पण जे पैशात कधी मोजलेच नव्हते ते माफ कोण करणार? कोळी माणूस नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावाचून होडी पाण्यात लोटत नाही. तो पाण्याला विचारतो. पाणी बोलत नाही, तरी विचारतो. आपण मात्र बोलणाऱ्या माणसांनाही विचारले नाही.

मला या साऱ्यातून एवढेच म्हणायचे आहे की, पूल बळी मागत नाही. बळी माणसे ठरवतात, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरातला ठरवतात. हे आपल्याला आत कुठेतरी माहीत असते. म्हणूनच पुलाशी आपण भुतांच्या आणि मुंडक्यांच्या कथा सांगतो. त्या कथांना भिण्यात अर्थ नाही, आणि त्यांपायी परक्याच्या अंगावर हात टाकणे हे तर पाप आहे. ‘याचे पूर्वी कोण धनी होते, आणि त्यांना विचारले होते का’ एवढा प्रश्न त्या कथांतून उचलावा आणि बाकीचे टरफल टाकून द्यावे. नव्या घराची किल्ली घेताना, नव्या रस्त्याने जाताना, विमानतळासाठी सपाट केलेल्या टेकडीकडे पाहताना हा प्रश्न मनात आला, तर निदान पुढच्या वेळी कोणाला माहेरी धाडताना आपली जीभ अडखळेल.

दिवाळी आली आहे. भाऊबीजेच्या दिवशी वाशीच्या पुलांवर गाड्यांची रांग लागते. मुंबईचे भाऊ इकडे येतात, इकडचे तिकडे जातात. मांडीवर मिठाईचे खोके, बाजूला नवी कपड्यांची पिशवी. त्या ग्रीक गीतातली बाई भावासाठीच शाप मागे घेऊन गेली. आपणही अशाच कोणा बहिणीच्या गिळलेल्या शापावरून सुखरूप पलीकडे पोचतो. ओवाळल्यावर बहीण काही मागत नाही, आणि म्हणून भाऊ तबक रिकामे ठेवत नाही. ओवाळणी भीक नव्हे आणि भरपाईही नव्हे. आपले नाते आहे, ही ती कबुली असते. खाडीकाठच्या गावांचे तबक आपल्यापुढे अर्धे शतक तसेच धरलेले आहे.